उजव्या पायातला वाळा

नवरंग माझ्या हातून सुटला तेव्हा सात वाजायला वीस मिनिटं कमी होती. वेळ एवढी पक्की आठवते कारण ती वहीत आहे. तारीख, वेळ, जाळ्याचा क्रमांक, रिंगचा क्रमांक, पक्ष्याची जात. त्यापुढे पंखाची लांबी, चोच, पायाची नळी, पिसांची अवस्था, चरबी आणि वजन असे सहा रकाने, आणि त्या ओळीत ते सहाही कोरे. रिंग मिटवून झाली होती. पक्कड खाली ठेवून मी मोजपट्टीकडे हात नेला आणि तेवढ्यात डाव्या हाताची बोटं किती सैल पडली कोण जाणे. तळव्यावर एक धक्का बसला, तिथली ऊब गेली, आणि हिरवं-निळं काहीतरी जमिनीलगत झुडपांत शिरलं. शेजारी पिशव्यांच्या नाड्या सोडत बसलेल्या चाचांनी मानही वर केली नाही. "गया?" त्यांनी विचारलं. "गया," मी म्हटलं. "नंबर लिख दो," ते म्हणाले आणि पुढची पिशवी माझ्यासमोर धरली.

मी नंबर लिहिला. पुढच्या पिशवीत तपकिरी खाटीक होता. त्याने माझ्या अंगठ्याशेजारचं बोट इतक्या जोरात धरलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचं कारण कुणी विचारलं नाही हे बरं झालं.

कोडिक्कराईला मी पक्षी पाहायला गेले नव्हते, पक्षी मोजायला गेले होते. तमिळनाडूचा किनारा उत्तरेकडून खाली उतरत येतो आणि एका जागी काटकोनात पश्चिमेला वळतो. त्या कोपऱ्यावर हे कोळ्यांचं गाव, मागे सुक्या सदाहरित झाडीचं जंगल, आणि पलीकडे वेदारण्यमची पसरत गेलेली खारट दलदल आणि मिठागरं. इंग्रजांनी या टोकाला पॉइंट कॅलिमियर म्हटलं. इथून समुद्रापलीकडची श्रीलंका पन्नास-साठ किलोमीटरांवर आहे. उत्तरेकडून उतरणाऱ्या पक्ष्यांच्या पायाखालची जमीन इथे संपते, म्हणून शरद ऋतूत ते या कोपऱ्यात साचतात, जसा उतारावरचा पालापाचोळा बांधाच्या कोपऱ्यात साचतो. काही इथेच हिवाळा काढतात, काही दोन दिवस खाऊन-पिऊन पाण्यावर झेप घेतात. कोण राहणार आणि कोण जाणार हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून जाळी लावायची, पक्षी हातात घ्यायचा, त्याच्या पायात ॲल्युमिनियमची क्रमांकाची रिंग घालायची, मापं घ्यायची आणि सोडून द्यायचं.

जाताना तंजावरला चार तास हातात होते, ते मी बृहदीश्वराच्या देवळात काढले. तिथल्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 साली कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, मराठीत. इतक्या दक्षिणेला, चोळांच्या देवळात, दगडात ओळीमागून ओळ आपली भाषा बघून अंगावर काटा आला. जुन्या वळणाची सवय नसलेल्या माझ्या डोळ्यांना सगळं वाचता आलं नाही. अक्षरांवरून बोट फिरवायचा मोह झाला, तो आवरला. तिथून पुढच्या बसमध्ये मनात एकच घोळत राहिलं, की व्यंकोजीराजांबरोबर जी माणसं खाली आली ती परत गेली नाहीत. त्यांची मुलंबाळं इथलीच झाली, आणि आपण कोण होतो ते विसरू नये म्हणून त्यांनी भिंतीवर लिहून ठेवलं.

आपल्याकडे अश्विनात आभाळ धुऊन निघालेलं असतं, कोजागिरीच्या दुधात चंद्र उतरतो. तिथे त्याच दिवसांत पावसाळा दाराशी येतो. आपला परतलेला पाऊस ईशान्येचा वारा होऊन बंगालच्या उपसागरावरून पाणी घेऊन येतो. ऐप्पसीत अडै मळै, म्हणजे अश्विन-कार्तिकात झड, असं तमिळ लोक म्हणतात, आणि मी पोचले त्याच रात्री पक्षी-अभ्यास केंद्राच्या पत्र्यावर तिचा पहिला ताशा वाजला. त्याच्या चार वर्षं आधी, नोव्हेंबर 2018 मध्ये, गाजा चक्रीवादळ इथेच, वेदारण्यमजवळ जमिनीवर चढलं होतं. जंगलातले कित्येक जुने वृक्ष अजून आडवे पडून होते आणि त्यांच्या खोडांवरून नवी झुडपं वर आली होती. सगळ्यात जास्त झाड कोणतं म्हणून विचारलं तर तिथल्या पोराने 'पालै' म्हणून दाखवलं, आणि पान हातात घेतल्यावर कळलं की ही तर आपली खिरणी. लहानपणी खिशातून नेलेल्या पिवळ्या चिकट फळांचा वास त्या पानाला नव्हता, तरी मला तो आला.

जाळं म्हणजे मिस्ट नेट. काळ्या बारीक नायलॉनचं, दोन बांबूंमध्ये ताणलेलं, त्याला आडवे चार-पाच झोळ. उजेड पडण्याआधी उघडायचं. पहाटे त्याच्यावर दव बसतं तेवढा वेळच ते दिसतं, मग दव वाळलं की जाळं हवेत विरून जातं. पक्षी येऊन आदळतो, झोळात पडतो आणि लटकून राहतो. दर वीस मिनिटांनी फेरी मारायची, वारा वाढला किंवा थेंब पडले की लगेच मिटायचं, कारण भिजलेला पक्षी जाळ्यात गारठून मरू शकतो. सोडवायचा तो ज्या बाजूने शिरला त्या बाजूने, आधी पाय, मग पंख, शेवटी डोकं. हे सांगायला सोपं आहे. पहिले तीन दिवस मी नुसती पिशव्या धरून उभी राहिले आणि चाचांची बोटं पाहिली.

चाचा बिहारकडचे मीरशिकार. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरणं हाच धंदा. फासे, जाळी, चिकाच्या काड्या, शिवाय तोंडाने हुबेहूब काढलेले आवाज. त्यांचे वाडवडील पक्षी बाजारात विकत असत आणि खाणाऱ्यांच्या ताटात पोचवत असत. डॉ. सलीम अलींनी या लोकांच्या हातातली विद्या ओळखली आणि तिला वेगळ्या कामाला लावलं. 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसंही तापाने जाऊ लागली, आणि हा विषाणू पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांबरोबर दुरून आला असेल का, हा प्रश्न पडला. त्यातून 1959 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) देशभर पक्षी पकडून रिंग घालायचा मोठा प्रकल्प सुरू केला. रिंगा त्याआधीही होत्या. 1927च्या सुमारास धारच्या पवारांच्या संस्थानात बदकांच्या पायांत त्या घातल्या गेल्या होत्या. पण हजारोंनी पक्षी हातात आले ते या प्रकल्पात, आणि ते हात बऱ्याच अंशी मीरशिकारांचे होते. मला हे फार मोठं वाटतं. ज्या बोटांनी मान मुरगळायची ती बोटं त्याच नेमकेपणाने गाठ सोडवायला शिकली. चाचा जाळ्यातून वटवट्या काढत तेव्हा वाटे, तो अडकलाच नव्हता, नुसता बसला होता आणि चाचांनी उचलून घेतला.

रात्री त्यांच्याबरोबर मिठागरांत जायचं. चिखल्या आणि टिलवे काळोखातच सापडतात, चांदणं असलं की त्यांना जाळं दिसतं. घोट्यापर्यंत खारं पाणी, पायाखाली मऊ गार चिखल, वास मिठाचा आणि कुजलेल्या शेवाळाचा, आणि पाण्यावर चहूकडून बारीक बोलणं. दिवसा चिखलात उंदरासारखा पळताना दिसणारा छोटा टिलवा हातात आला की पंचवीस ग्रॅमसुद्धा भरत नाही. हा आर्क्टिकच्या टुंड्रात अंड्यातून बाहेर येतो, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. तिथली पिल्लं आईबापांनंतर, त्यांच्याशिवाय, वाट न पाहिलेली, आपली आपण दक्षिणेला येतात. त्या रात्री माझ्या मुठीतला टिलवा त्याच वर्षीचा होता, पाठीच्या पिसांना अजून कोवळ्या पिवळसर कडा होत्या. म्हणजे चार महिन्यांपूर्वी तो नव्हता. मी त्याला पाण्याच्या कडेला ठेवला. तो लगेच उडाला नाही. दोन पावलं चालला, पाय झटकला, आणि मग बाकीच्यांच्या आवाजात मिसळून गेला.

पाचव्या दिवशी केंद्रातल्या सरांनी पक्कड माझ्या हाती दिली.

पक्षी धरायची एक रीत आहे. त्याची पाठ आपल्या तळव्याला, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, बाकीची बोटं अंगाभोवती पिंजऱ्यासारखी, पण दाबायची नाहीत. पक्ष्याला श्वास घेताना छाती पुढे आणावी लागते. आपण घट्ट धरलं तर तो गुदमरतो आणि सैल धरलं तर जातो, आणि या दोन्हींच्या मधली जागा फार थोडी आहे. त्या जागेत त्याचं काळीज लागतं. ठोके मोजता येत नाहीत, नुसती एक थरथर, दूरवर चालू असलेल्या गिरणीसारखी. रिंगच्या फटीत पाय घालायचा, पक्कडीच्या बरोबरच्या भोकात ती बसवायची आणि दाबायची. कडा एकमेकींना टेकल्या पाहिजेत, पण पायावर रिंग फिरती राहिली पाहिजे. रिंगवर क्रमांक असतो आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा, अशा अर्थाची अगदी बारीक इंग्रजी अक्षरं. शहराचं नाव बदलून इतकी वर्षं झाली, पण सैबेरियाच्या एखाद्या नदीकाठी कुणाला असा पक्षी सापडला तर त्याच्या पायात अजून बॉम्बेचा पत्ता असतो. रिंग घातलेल्या शंभर छोट्या पक्ष्यांतल्या एकाचीही पुढे खबर लागली तरी पुष्कळ. बाकीच्यांच्या पायांत आपण प्रश्न अडकवलेला असतो, आणि तो घेऊन ते जगतात आणि मरतात.

मापांतलं मला सगळ्यात जवळचं वाटलेलं माप चरबीचं. गळ्याखाली, छातीच्या वर, पक्ष्याला एक खळी असते. तिथल्या पिसांवर हळूच फुंकर मारायची. पिसं बाजूला होतात आणि कातडीखालचं दिसतं. कातडी इतकी पातळ की स्नायू गडद लाल दिसतो आणि खळीत चरबी असेल तर ती लोणकढ्या तुपाच्या रंगाची. खळी रिकामी असेल तर पक्षी आत्ताच लांबून आला आहे, भुकेला आहे. खळी भरून वर आली असेल तर तो निघायच्या बेतात आहे. ही चरबी म्हणजेच समुद्रावरची रात्र. सरांनी पहिल्यांदा फुंकर मारून "शून्य" म्हटलं तेव्हा मला एकदम माझी काकू आठवली. चिपळूणजवळच्या आमच्या घरातून पुण्याला निघताना आणि पुण्याहून घरी पोचताना, दोन्ही वेळा ती माझा दंड दोन बोटांत धरून बघते. घरी आल्यावर "वाळलीस गो" आणि जाताना "हां, आता जरा बरी दिसत्येस." माझ्या आईच्या माघारी हे मोजमाप तिने कधी चुकवलं नाही. मी पन्नाशीकडे झुकले तरी अजून तेच.

आणि नवरंगही मला तिच्याच परसातून माहीत. पहिल्या पावसाच्या आगेमागे घरामागच्या जांभळीखाली, ओल्या पाचोळ्यात, दोन सुरांची शीळ ऐकू यायची, पहिला सूर चढता आणि दुसरा खाली येणारा. आजी म्हणायची, नवरंग बोलला, आता आठ दिवसांत शेतात पाणी. दिसायचा क्वचित. आखूड शेपटीचा, उंच पायांचा, पाचोळा उलटापालटा करत टुणटुण जाणारा. हिरवी पाठ, निळा पट्टा, पोटाखाली कुंकू सांडल्यासारखा लाल. पावसाळ्यात तिथेच कुठेतरी गवताचा गोळा करून घरटं करायचा आणि मग कधीतरी नसायचा. कधी गेला हे कुणी पाहिलेलं नसे. आला म्हणून घरभर सांगणारे आम्ही, गेला ते आमच्या ध्यानातही नसायचं. कोडिक्कराईला मी तो पहिल्यांदा जाताना पाहिला. तिकडे त्याला आरुमणि कुरुवि म्हणतात, सहा वाजताचा पक्षी, कारण पहाटे आणि तिन्हीसांजेला तो नेमाने बोलतो. रात्रीचा प्रवास करतो, दिव्यांनी बावचळतो, आणि ऑक्टोबरात दक्षिणेतल्या गावांमधून कुणाच्या व्हरांड्यात, कुणाच्या न्हाणीघरात दमून बसलेला सापडतो.

त्या सकाळी चौथ्या जाळ्यात तो खालच्या झोळात होता. बाकीचे पक्षी फडफडतात, चावतात, ओरडतात. हा गप्प होता. डोळे मोठे, ओले, काळ्या पट्ट्यात बुडालेले. मी त्याला एकटीने सोडवला आणि चाचा नुसते बघत उभे राहिले. पिशवीत घातल्यावर अंधारात तो आणखी शांत झाला. पिशवी हातात घेऊन झोपडीपर्यंत चालताना मी वजनाचा अंदाज करत होते. नवरंग पन्नास-साठ ग्रॅम भरतो. हा मला हलका वाटला, पण तेव्हा मला सगळंच हलकं वाटत होतं. आधी स्प्रिंगच्या काट्याला पिशवीसकट टांगून वजन घ्यायला हवं होतं. काटा खाटकाच्या पिशवीत अडकला होता म्हणून मी क्रम बदलला, आधी रिंग घातली. उजव्या पायात. आणि मग जे झालं ते सांगितलंच.

सरांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. सगळ्यांच्या हातून सुटतात, म्हणाले, शेऱ्याच्या रकान्यात लिहा. मी 'निसटला' असं लिहिलं. दिवसभर काम चालू राहिलं, सव्वीस पक्षी झाले. संध्याकाळी ईशान्येकडून ढग चढले, आणि रात्री जो पाऊस लागला तो पत्र्यावर बोलूच देईना. पलंगावर पडल्या पडल्या मला त्या खळीचं वाटत राहिलं. मी फुंकर मारली नव्हती. खळी रिकामी होती की भरलेली, मला माहीत नव्हतं. भरलेली असेल तर तो अशा रात्री निघाला असेल का? रिकामी असेल तर माझ्या हातातल्या त्या पाच-सात मिनिटांत, भीतीत, त्याने किती जाळलं? सगळे नवरंग पलीकडे जातच नाहीत, कित्येक इकडच्याच झाडीत हिवाळा काढतात, हे मला ठाऊक होतं. तेही मी मनाला सांगून पाहिलं. आणि खरं सांगायचं तर या काळजीच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, ते मला पहाटेकडे उमगलं. तो निसटला त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. चूक झाली हे कळायच्या आधीचा तो क्षण, पण होता. रोज तीस-चाळीस जीव मुठीत धरून, हे त्यांच्याच भल्यासाठी आहे असं मनात म्हणत होते. ते खोटं नव्हतं. मिठागरं, बंधारे, कोळंबीची तळी कुठे वाढू द्यायची आणि कुठे नाही, हे सांगायला हेच आकडे उभे राहतात, दुसरं कुणी बोलत नाही. तरी माझा हात त्याला जाऊ दे म्हणाला असेल का, असं मी स्वतःला विचारलं. उत्तर मला अजून देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी चाचांना म्हटलं, की त्याचं वजन राहून गेलं याची चुटपुट लागली आहे. ते बराच वेळ कपातल्या वाफेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बेटा, जो हाथ में दम से छूटता है, उसमें दम होता है." धक्का कसा बसला, त्यांनी विचारलं. मी तळवा पुढे केला. त्यांनी त्यावर अंगठ्याने आधी हलकेच आणि मग जोरात दाबून दाखवलं. असा की असा? मी दुसरा म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि उठून जाळी मिटायला गेले. असला पुरावा वहीत कुठल्याच रकान्यात बसत नाही. पण चाळीस वर्षं पक्ष्यांचे धक्के तळव्यावर घेतलेल्या माणसाचं ते वजन होतं, आणि मी ते माझ्यापुरतं लिहून ठेवलं.

घरी परतल्यावर काकूला सगळं सांगितलं. तिला जाळ्यांचं विशेष काही वाटलं नाही, पण "पायात वाळा घातलास?" हे तिने तीनदा विचारलं. मी समजावलं, की तो आपल्या परसातला असायची शक्यता जवळजवळ नाही. मध्य भारतापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नवरंग घरटी करतात, त्यातला कुठला कोण जाणे. तिने ऐकून घेतलं. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि तिचा फोन आला. मोतीबिंदू काढल्यापासून तिला लांबचं स्वच्छ दिसतं. आला म्हणाली, जांभळीखाली होता, बराच वेळ बघितला, पायात काही नाही. त्यानंतर दर वर्षी फोन येतो. पावसाची बातमी आधी, मग भाताच्या दाढीची, म्हणजे रोपांची, मग त्याची.

या वर्षी फोन आला तेव्हा मागे पागोळ्यांचा आवाज येत होता.

"आला गो तुझा. मघाशी पायरीपाशी आला होता अगदी."

"पाय बघितलेस?"

"बघितला की. काही नव्हतं." मग जरा थांबून, "कुठल्या पायात म्हणालीस तू, डाव्या की उजव्या?"

"उजव्या."

"अगो, मला डावाच दिसला. दुसरा पाचोळ्यात होता. थांब, संध्याकाळी परत बघत्ये."